उन्हाची सबब

शनिवार, संध्याकाळ. रत्नागिरी.

मी आज साठे सरांशी खोटं बोलले. उद्याच्या हवाई कसरतींची समुद्रावर शेवटची तालीम होती. आमची चार छोटी विमानं, सर पुढे, मी त्यांच्या डावीकडे. दोघांच्या पंखांत जेमतेम पंधरा फूट. लूपची उभी कोलांटी घेताना वर उलटे झालो आणि माझी नजर त्यांच्या पंखावरून सुटून खाली पाण्याकडे गेली. हात आखडला. मी रांग सोडून बाहेर पडले.

उतरल्यावर सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, "काय झालं?"

"ऊन डोळ्यांवर आलं, सर."

त्यांनी मान डोलावली. पण ऊन तर पाठीमागे होतं. त्यांना कळलं नसेल?

घरी आले तर आई खुशीत. केळशीहून मावशी निघालीय, वाडीतले सगळे उद्या कसरती बघायला किनाऱ्यावर जाणार. मला चहासुद्धा जाईना. पंधरा फूट. उद्या पुन्हा हात आखडला तर मी एकटीच पडणार नाही.

शेवटी फोन केला. "सर, ऊन नव्हतं. मी घाबरले होते."

"बरं झालं सांगितलंस. उद्या तीनच विमानं उडवू. तू खाली वायरलेसवर बस."

आईला सांगितलं. ती म्हणाली, "मग मावशीला नको येऊ म्हणून कळवू?"

"नको. येऊ दे."

योग्यच केलं ना मी? हो. तरी एका जागी बसवत नाही. आता मावशीला आणायला स्टँडवर जायचंय. ती उतरल्या उतरल्या विचारणार, उद्या तुझं विमान कुठलं गं?