वकीलबाईंचा पुतळा

ग्वायाकिल,
जानेवारीचा पहिला आठवडा

प्रिय नार्सिसाताई,

आई हे पाकीट तुझ्या हातात देईल, तेव्हा आधी दायराला शेजारी खेळायला पाठव आणि मग फोड. फोनवर सांगण्यासारखं हे नाही, आणि माझा फोन आता माझ्याजवळ नाहीही. मी ठीक आहे, मला काही लागलेलं नाही. तू पत्राचा शेवट आधी वाचतेस हे मला माहीत आहे. या वेळी तसं करू नकोस. सगळं क्रमानं कळलं नाही तर तुझा माझ्यावर विश्वास बसणार नाही.

एकतीस डिसेंबरला सरकारी वकील मारित्सा सेवायोस यांच्या गाडीवर गोळ्या झाडल्या, ते तू कुएंकाला टीव्हीवर पाहिलं असशीलच. बंदरावरच्या टोळीविरुद्धचा खटला चालवणाऱ्या त्याच बाई. त्या वाचल्या, त्यांचा ड्रायव्हर सेगुंदो गेला. रस्त्यात पडलेला एक पुतळा टीव्हीवर पुन्हा पुन्हा दाखवत होते. ताई, तो मी केलेला होता. कोणासाठी केला हे मला ठाऊक होतं. ते सांगायचं की गिळून टाकायचं, या एकाच प्रश्नात माझा सगळा आठवडा गेला.

डिसेंबरात आपली गल्ली कशी असते ते तुला काय सांगायचं. फुटबॉलवाले, मंत्री, कार्टूनमधली माकडं, सगळे पुतळे पोटात भुसा भरून फुटपाथवर उन्हात वाळत बसलेले, वर्षाच्या शेवटच्या रात्री जुनं वर्ष म्हणून जळायची वाट पाहत. यंदा मात्र प्रत्येक दुकानाला टोळीची ‘लस’, म्हणजे खंडणी, होती. दोन पोरं मोटरसायकलवरून येतात, हप्ता घेतात आणि जाताना ‘देव तुमचं भलं करो’ म्हणतात. शेजारच्या दुकानातली दोन्या केटी म्हणते, “एवढ्या लसी टोचून घेतल्यात मी, आता मला मरण यायचं नाही.” आम्ही हसतो. हसण्यापलीकडे कोणी काही करत नाही. सेवायोसबाई करत होत्या. त्यांच्या आधीच्या वकिलांना स्वतःच्या मुलाच्या शाळेसमोर मारलं, तेव्हापासून त्या खटल्याला कोणी हात लावेना. तो बाईंनी घेतला. त्यांच्या घरी त्यांच्याच नावाचं, मेलेल्या माणसाला पाठवतात तसलं फुलांचं चक्र आलं होतं. हे सगळं मला नंतर कळलं. जिवाच्या भीतीनं त्यांचा फोटो कुठे छापत नसत, त्यामुळे गिऱ्हाईक फोटो घेऊन आलं तेव्हा या बाई कोण, हे मला माहीतच नव्हतं.

आणि गिऱ्हाईक घरातलंच होतं, मग चौकशी कशाला करायची? “पंतोजी,” तो म्हणाला, “माझ्या मावसभावाच्या साहेबीणबाई आहेत. ऑफिसातले सगळे मिळून जाळणार आहेत. बाई मोठ्या मनाच्या आहेत, बघून हसल्या पाहिजेत.” मी विचारलं, चष्मा पुठ्ठ्याचा करू की तारेचा? “तारेचा कर. लांबून ओळखू आल्या पाहिजेत. आणि रडका चेहरा करू नकोस हं, तुझा असतो तसा.”

मला पंतोजी म्हणणारा माणूस जगात एकच आहे. इथे तुझे डोळे थांबले असतील. पुढे वाच, ताई.

मी तो पुतळा फार मन लावून केला. तुला माझा स्वभाव माहीत आहे. शाळा सुटल्यावर तू मला सिमेंटच्या रिकाम्या पिशव्यांवर शब्द लिहायला लावायचीस, एक अक्षर चुकलं की सगळी ओळ पुन्हा. त्या सवयीनंच मी चेहरे करतो. बाईंची डावी भुवई उजवीपेक्षा किंचित वर आहे. हनुवटीवर खळी आहे. कानात तांब्याच्या तारेची कुडी घातली, तिला निळा मणी लावला. तो न्यायला आला तेव्हा त्यानं पुतळ्याच्या गालावर टिचकी मारली आणि म्हणाला, “बघ बघ, आता बोलतील.” गल्लीतले सगळे पाहायला आले होते. मला अभिमान वाटला. हे तुझ्यापासून लपवत नाही.

एकतीस तारखेला दुपारी बाई घरी चालल्या होत्या. नेहमीसारखीच जुन्या वर्षाच्या ‘विधवा’ झालेल्या पोरांनी नाण्यांसाठी रस्त्यात दोरी धरली होती. आठवतं, एका वर्षी तुझा काळा झगा आणि आईची ओढणी घालून मीही विधवा झालो होतो, मेलेल्या जुन्या वर्षासाठी असा गळा काढला की एका म्हाताऱ्यानं नाण्याऐवजी मला रुमाल दिला? तशीच काळे झगे घातलेली, ओठ रंगवलेली चार पोरं. नाणं दिल्याशिवाय त्या दिवशी कोणाची गाडी पुढे जात नाही, आणि कोणाला त्यात भीतीही वाटत नाही. तरी सेगुंदो थांबणार नव्हता. न थांबण्याची त्याला सक्त ताकीद होती. तो दोरी तोडून जाणार इतक्यात बाईंना दोरीपलीकडे खुर्चीत बसवलेला पुतळा दिसला. त्यांचा स्वतःचा चेहरा. त्यांना हसू आलं. “अरे, ही तर मीच. थांब थांब, काच खाली कर,” असं त्यांनीच सेगुंदोला सांगितलं. विधवांनी झग्याखालून पिस्तुलं काढली.

मी तेव्हा कोपऱ्यावरच्या गाड्यावर मासळीचं सूप पीत होतो. गाडेवाल्याच्या टीव्हीवर बातमी लागली, आणि खुर्चीसकट आडवा पडलेला तो पुतळा दिसला. माझ्या मनात पहिला विचार काय आला सांगू? डाव्या कानाचा कागद सुटलाय, खळ पातळ झाली असणार. एक माणूस शेजारी चादरीखाली होता आणि मी कान पाहत होतो. मग वाटी माझ्या हातातून कधी पडली कळलं नाही. गाडेवाला म्हणाला, “अरे, तुला भाजलंय.” पाय लाल झाला होता. मला काहीच जाणवत नव्हतं.

पोलिसांनी आमच्या गल्लीतल्या सगळ्या कारागिरांना विचारलं. सगळे नाही म्हणाले. मीही नाही म्हणालो. दोन्या केटीनं पोलिस गेल्यावर माझ्याकडे न बघता फुटपाथ झाडला आणि म्हणाली, “हात तुझाच आहे, पोरा. पण माझी नजर आता अधू झालीय.” मग दोन दिवसांनी बाई इस्पितळातून टीव्हीवर बोलल्या. चेहरा दाखवला नाही, फक्त आवाज. “गाडी मी थांबवायला लावली,” त्या म्हणाल्या. “सेगुंदोच्या बायकोला हे माझ्या तोंडून कळावं.” बाकी कोणावर त्यांनी एका शब्दानंही दोष ठेवला नाही. मी दुकान बंद केलं आणि इस्पितळात गेलो.

दारावर मला तीनदा तपासलं. बाईंचा खांदा पूर्ण बांधलेला होता. मी म्हटलं, पुतळा मी केला. त्यांनी मला जवळ बोलावलं. मग म्हणाल्या, “भुवई कशी काय दिसली रे तुला? माझ्या नवऱ्यालाही कधी दिसली नाही.” कोणीतरी खुर्ची दिली. त्या म्हणाल्या, “नाव सांगितलंस तर तुला घरी परत जाता येणार नाही. कदाचित कधीच नाही. मी तुला फसवणार नाही, आमच्यापाशी माणसं कमी आहेत आणि त्यांतली काही विकली गेलेली आहेत. बाहेर जाऊन विचार कर.” मी विचारलं, तुम्ही हा खटला सोडणार? “हात उजवा गेलाय,” त्या म्हणाल्या, “सही डाव्यानं शिकतेय.” मी बाहेर गेलो नाही.

मी ओल्मेदोचं नाव सांगितलं, ताई.

वरची ओळ मी तीनदा खोडून लिहिली, पण शब्द बरोबर आहेत. दायराच्या बाप्तिस्म्याला तिचा बाप चर्चमध्ये आलाच नाही, पाद्रीबाबा घड्याळ बघत होते, तेव्हा ज्यानं पुढे होऊन तिला पाण्यावर धरलं, तिचा धर्मपिता झाला, तो ओल्मेदो. तो तिच्या दर वाढदिवसाला डोंगर चढून तुझ्याकडे येतो, आणि आल्यावर तू केस मोकळे सोडतेस, हे मी पाहिलं आहे. तू कधी बोलली नाहीस, मीही विचारलं नाही. गेल्या वर्षी तू मला एवढंच म्हणालीस, यंदा जरा निवांत झोप लागते. मला कळलं होतं. मला आनंद झाला होता. त्याला त्यांनी धमकावलं असेल, त्याच्यावर कर्ज असेल, त्याला गोळ्यांचं माहीत नसेल, असं मी स्वतःला हजार प्रकारे सांगून पाहिलं. पण त्यानं मला म्हटलं होतं, लांबून ओळखू आल्या पाहिजेत.

आता हे पत्र का लिहिलं ते. मला कुठे ठेवलंय, ते सांगायला मनाई आहे. आईला यातलं काहीच माहीत नाही, नातीच्या वाढदिवसाला निघाले एवढ्याच समजुतीनं ती बसमध्ये बसते आहे. काल पोलिस ओल्मेदोच्या घरी गेले, तो तिथे नव्हता. कोणी नाव सांगितलं हे त्याला एव्हाना कळलं असणार. आणि मघाशी मला निरोपापुरतं आईकडे सोडलं, तेव्हा पिशवी भरता भरता ती मला सहज म्हणाली, “मी परवाच ओल्मेदोला फोन केला, रविवारी वाढदिवसाला नक्की ये म्हटलं. तो म्हणाला, येतो की, चुकवीन कसा.” शनिवारच्या आत आईला आणि दायराला घेऊन घर सोड, तू काम करतेस त्या बाईंकडे जा, कुठेही जा. नाहीच जमलं, तर रविवारी दार वाजेल. तो तुला नावानं हाक मारील, त्याच आवाजात, दायरा धावत सुटेल. तिला आधी धर, ताई. आणि कितीही वेळ वाजवलं तरी, त्यानं काहीही सांगितलं तरी, रडला तरी, उघडू नकोस.

तुझाच,
एदेर