खंडेनवमीचा मायक्रोस्कोप

देवणी,
दि. १६ ऑक्टोबर १९८६

चि. सिंधुस,
बाबाचा जयभीम आणि अनेक आशीर्वाद. नांदेडला दवाखान्यात तुझ्या रातपाळ्या चालूच असतील. इकडं बरं आहे. पाऊस रुसला तो रुसलाच. लातूर जिल्हा झाला म्हणून टँकर जवळून येतो, एवढंच.

मुलींनी विज्ञान शिकावं म्हणून सरकारनं अनुदान दिलं, त्यातून शाळेत मायक्रोस्कोप आला. खंडेनवमीला रेवणप्पा शिपायानं हातोडी-करवतीबरोबर त्याचीही पूजा केली. कुंकू, वर विभूती, तेही थेट भिंगावर! विज्ञानाच्या बाई रडकुंडीला आल्या. तुझी लेक पंचशीला म्हणाली, "रेवणमामा, त्याच्या डोळ्यातच कुंकू घातलं की वो!"
"मंग कपाळ कुठं हाय त्याचं? दाव की!"
सगळा वर्ग हसला. पोरीनं मऊ चिंधीनं भिंग लख्ख केलं.

जुना मास्तर म्हणून मलाही बोलावलं होतं. त्याच वर्गात मी तिसरीच्या पोरांकडून चालीवर कविता म्हणून घ्यायचो. खिडकीबाहेरची चिंचसुद्धा ताल धरायची, असं वाटे. तंद्री लागली होती, तेवढ्यात पोरीनं मला भिंगाला डोळा लावायला लावला. कांद्याचा पापुद्रा होता.
"आबा, दिसलं का?"
"हाव. मधमाशाच्या पोळ्यावानी."

तसं तिनंच आदल्या दिवशी पुस्तकातून वाचून दाखवलं होतं. हल्ली माझ्या कविताही तीच वाचते. सिंधु, मला काहीच दिसलं नाही. नुसतं पांढरं. हे पत्रही अंदाजानं लिहितोय, ओळी सांभाळून घे.

दहावीनंतर लातूरला विज्ञान घेणाऱ्या आपल्या मुलींना शिष्यवृत्ती आहे, वसतिगृह आहे. पंचशीला "मला झेपणार न्हाई" म्हणते. खोटं बोलते. वर्गात पहिली येणारी पोर ती. माझ्यापायी अडून बसलीय. आणि तूही लिहिलंस, बाबाजवळ कोण राहील?

मोतीबिंदू आहे. डॉक्टरांनी मागंच ऑपरेशन सांगितलं. डोळ्याला सुरी लागणार म्हणून मी भ्यालो, तुम्हा दोघींपासून लपवलं. आता दिवाळीनंतर नांदेडला येतो. तुझ्याच दवाखान्यात कर काय करायचं ते.

पण पोरीच्या वसतिगृहाच्या अर्जासाठी संमतीची सही आधी पाठव. मी येईपर्यंत थांबू नकोस. एसटी स्टँडवरून मी माघारी फिरलो, तरी पोरीचं जाणं थांबायला नको.

तुझा भित्रा बाबा,
नरसिंग