पाहुण्यांसाठी राखलेला संडास

द्वारका, दिल्ली, ५ नोव्हेंबर २०२४

चि. सुधन्वा यास,
आत्याचे आशीर्वाद.

पत्रास कारण असे की आमच्याकडे स्वयंपाकाला येणारी अलकनंदा काल नाल्याच्या उतारावर घसरून पडली. तिला सातवा महिना आहे. भिंतीमागे शौचाला गेली होती. तिच्या घरापासून हाकेच्या अंतरावर तुझ्या संस्थेने बांधलेला संडास आहे आणि त्याला कुलूप आहे. फोन केला की तू विषय बदलतोस, म्हणून कागदावर लिहिते आहे.

खरचटण्यावर निभावलं, बाळ ठीक आहे असं डॉक्टर म्हणाले. पण गुडघ्यापर्यंत माखलेली ती बाई दारात येऊन आधी काय म्हणाली, तर आंटीजी, आज उशीर झाला. मला किळस आली ती तुझी.

वस्तीत जाऊन पाहून आले. दारावर उद्घाटनाची झेंडूची माळ वाळून काळी पडली आहे. जाळीतून डोकावले तर पांढऱ्याशुभ्र फरशा, साबणाची बाटली, कोपऱ्यात मनीप्लांट. बाहेर तुमचा शंकर चौकीदार खुर्ची टाकून बसला होता. म्हणाला, परीक्षक येईपर्यंत कोणी वापरायचा नाही असा साहेबांचा हुकूम आहे, घाण होईल. संडास घाण होईल म्हणून बंद. सरकारी नोकरीत मी मूर्खपणाच्या पुष्कळ टिप्पण्या वाचल्या, पण ही त्यांच्यावर कडी आहे.

विश्वस्त म्हणून माझं नाव त्या भिंतीवर आहे आणि जोडकिल्ली माझ्या कपाटात. तू उघड, नाहीतर मी उघडते.

सूनबाई केतकीला आशीर्वाद सांग. राग निवळला की बाकीची ख्यालीखुशाली लिहीन.
तुझी आत्या,
विजयालक्ष्मी

गुरुग्राम, ८ नोव्हेंबर २०२४

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र कुरिअरने आलं तेव्हा केतकीला वाटलं, मला कोर्टाची नोटीस आली. वाचून म्हणाली की नोटीस परवडली असती. आत्या, तू रागावलीस की तुझी मराठी इतकी कडक होते की मला दोनदा वाचावी लागते यार.

अलकनंदाचं बिल्कुल मनापासून वाईट वाटलं. तिला दवाखान्यात जायला आमची गाडी पाठवतो. पण माझी बाजूही बघ. बावीस तारखेला निधी देणाऱ्यांचे परीक्षक येतायत. आपला प्रोजेक्ट निवडला गेला तर गाझियाबादच्या वस्तीत असेच संडास बांधता येतील. तिथे बायका रेल्वेच्या रुळांवर जातात. आणि आत्ता उघडला तर सांभाळणार कोण? सफाईचा माणूस पुढच्या निधीतून येणार आहे. आमच्या आधीच्या ठिकाणी पहिल्याच आठवड्यात नळ चोरीला गेले आणि भिंती पान थुंकून रंगवल्या. ते फोटो परीक्षकांना दाखवू का?

तुला एक अलकनंदा दिसते, मला त्या सगळ्याजणी दिसतात. थोडेच दिवस आहेत. प्लीज, किल्लीला हात लावू नकोस.

दिवाळीचा चिवडा उरला असेल तर ठेव, रागासकट खाईन. माया आटू देऊ नकोस.
तुझा,
सुधन्वा

द्वारका, १६ नोव्हेंबर २०२४

चि. सुधन्वा यास,
आशीर्वाद.

चिवडा संपला.

तुझं दुखणं मला ठाऊक आहे. सरोजिनीनगरच्या क्वार्टरमध्ये वहिनीने नव्या सोफ्यावरचं प्लॅस्टिक कधी काढलंच नाही. मेच्या उन्हाळ्यात पाहुणे त्याला चिकटायचे आणि आपण सगळे सतरंजीवर. चांगली वस्तू पाहुण्यांची, हे तू तिथे शिकलास. सोफ्यापुरतं ते हसण्यासारखं होतं.

तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी कुलूप काढलं. शंकर हात जोडत होता, नोकरी जाईल म्हणत होता. त्याला म्हटलं, म्हातारीने ऐकलं नाही असं साहेबांना कळव. अलकनंदा पहिली गेली. बाहेर आली. मागच्या बाईला म्हणाली, पाय पुसून आत जा.

तू म्हणालास तसंच पुढे झालं, तेही लिहिते. एक नळ गेला. कोणीतरी गुटख्याच्या पुड्या टाकून भांडं तुंबवलं. वास असा की त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. बायका एकमेकींकडे बोट दाखवत होत्या, नवरे दात काढत होते. आमच्या सोसायटीचे मुरलीधर म्हणाले की या लोकांना सवयच नसते. मी विचारलं, तुमच्या घरचा संडास कोण धुतं. ते अलकनंदाच्या जावेचं नाव घेऊ लागले आणि मध्येच थांबले.

वस्तीतल्या बायकांना मी काही शिकवलं नाही. त्यांना भांडू दिलं. भांडून भांडून त्यांनी धुण्याच्या पाळ्या लावल्या. अलकनंदाला पाळी नको असं मी म्हटलं, तर तिनेच मला गप्प केलं. पाणी तर भरू शकते, म्हणाली. नळाच्या जागी लाकडाची खुंटी ठोकली आहे. दिसायला वाईट दिसते. गळत नाही.

परीक्षकांना खुशाल आण.
प्रकृतीस जप. आत्याला विसरू नकोस, विसरायचं मन झालं तरी.
विजयालक्ष्मी

गुरुग्राम, २४ नोव्हेंबर २०२४

ती. आत्यास,
न.

परीक्षक आले तेव्हा दारात रांग होती. त्यांच्यातल्या एका बाईंना जायचं होतं. मी पुढे नेऊ लागलो तर अलकनंदाने हात आडवा घातला आणि नंबर से म्हणून सांगितलं. बाई उभ्या राहिल्या. बाकीचे ओल्या फरशीचे आणि तुझ्या त्या खुंटीचे फोटो काढत होते.

आपली निवड झाली नाही. गाझियाबादच्या बायकांना मी शब्द दिला होता. आता त्यांना काय सांगू, ते तूच लिही.

काल संस्थेची बैठक झाली. तुझं विश्वस्तपद काढलं आहे. विरोधात मी काही बोललो नाही. संस्थेच्या वस्तू आणि किल्ली शंकरच्या हाती पाठव.
सुधन्वा

द्वारका, २७ नोव्हेंबर २०२४

चि. सुधन्वा यास,
आशीर्वाद.

बैठकीत गप्प बसलास हे तरी खरं लिहिलंस, बरं वाटलं.

गाझियाबादच्या बायकांना सांग की आमच्या आत्यामुळे निधी गेला. त्या मला शिव्या देतील. त्यांचा तो हक्क आहे, आणि त्या रुळांवर जातात तोवर माझ्याही घशाखाली घास नीट उतरणार नाही. पण कुलूपबंद संडास दाखवून मिळवलेल्या निधीतून तू तिथेही कुलूपच लावलं असतंस. आधी त्यांच्याकडे जाऊन ये. फोटोवाल्याला नेऊ नकोस.

अलकनंदाला आठवा लागला. भिंतीमागे जाणं बंद झालं आहे.

शंकरच्या हाती पाठवले: संस्थेचा शिक्का, माझं ओळखपत्र, माझ्या नावाची पाटी (स्क्रू वेगळ्या पुडीत) आणि मनीप्लांटची कुंडी.

वस्तीत दिले: कुलूप, माझ्याकडची जोडकिल्ली आणि शंकरने आपण होऊन काढून दिलेली त्याच्याजवळची. घेणार, अलकनंदा नेगी. सही हिंदीत आहे.

विजयालक्ष्मी