श्री. व्ही. नरेश सबनीस

३ फेब्रुवारी १९७५

आमच्या शाळेत आज पुरुष आला! चौदा बायकांची स्टाफरूम एकदम सावरून बसली. कांचन भाटियाने तर विणकाम टेबलाखाली लपवलं.

जसमेर सिंग. भटिंड्याकडचा. पगडी टापटीप, आवाज मोठा. पहिली 'ब' त्याला दिली. इथल्या पोरांना प्राथमिक शाळेत मास्तर असतो हे माहीतच नाही. फळ्यापुढे उभी राहते ती बहनजी, एवढंच ठाऊक. एक जण उठून म्हणाला, "बहनजी, पानी पी आऊँ?" मी दारातून बघत होते. बिचाऱ्याचा हात आधी मिशीवर गेला — आहे ना, म्हणून.

६ फेब्रुवारी

याच्या 'बाई'ने माझी मान मोडणार. याच्या मुलखात 'बाई' म्हणजे भाऊ! शिपायाला हाक मारतो, "ओ बाई जी!" — आणि वळते मी. इकडे उत्तरेत यायच्या आधी साताऱ्याला चार वर्षं पोरांकडून "बाई, बाई" ऐकलेला माझा कान, तो काय करील? आज तिसऱ्यांदा वळले. "आपको नहीं जी," म्हणाला. आता पोरं त्याला बहनजी म्हणतात आणि तो शिपायाला बाई म्हणतो. या शाळेत पुरुष म्हणून कोणी टिकायचंच नाही.

११ फेब्रुवारी

मिसेस खोसला, आमच्या हेड, मार्चअखेर रिटायर होणार. त्यांच्यामागे सगळ्यांत जुनी मी. नऊ वर्षं. पण स्टाफरूममध्ये चहाचा पहिला कप जसमेर सिंगला मिळायला लागलाय. आठ दिवसांत! "ऑफिसला वर कोणीतरी आदमी लागतो," असं कांचन म्हणाली. तिला तरी काय बोलणार, कप तिनेच भरला होता.

लिहूनच टाकते, इथे कोण वाचतंय. मला ती खुर्ची हवी आहे. फार हवी आहे. पहिलीची पोरं थंडीत गार फरशीवर तरट टाकून बसतात. नाकं वाहतात, बोटं वळत नाहीत, पाटीवर अक्षर कसं उमटणार? दरवर्षी खोसला मॅडमना बाकांचं सांगते. दरवर्षी त्या म्हणतात, तू हेड झालीस की कर.

१२ फेब्रुवारी

ह्यांना सांगितलं. म्हणाले, "घरात आहेस की हेड, अजून काय पाहिजे?" राग आला. मग हसू आलं. मग परत राग आला.

८ मार्च

यंदा महिला वर्ष. वरून पत्रक आलं — उत्साहाने साजरं करा. केलं. भाषणं आमची, सतरंज्या आम्ही घातल्या, उचलल्याही आम्हीच. अध्यक्ष म्हणून जसमेर सिंगला बसवलं! तो बिचारा संकोचून खुर्चीच्या कडेवर. "मैं क्या बोलूँ जी?" असं मलाच विचारत होता. चार वाक्यं लिहून दिली. टाळ्या त्याला.

२२ मार्च

हुकूम आला. माझा!

खोसला मॅडम मोठ्याने वाचत होत्या, एकदम थांबल्या. "श्री. व्ही. नरेश सबनीस, हेडमास्टर."

श्री!

झालं असं — नोकरीला लागताना मी आपल्या रीतीने पूर्ण नाव भरलं होतं, वसुधा नरेश सबनीस. मध्ये नवऱ्याचं नाव, त्यात काय विशेष? पण इकडे अशी पद्धतच नाही. टायपिस्टने वसुधाचा 'व्ही' केला, नरेश दिसला आणि पुढे श्री ठोकला. नऊ वर्षं मी ज्येष्ठतेच्या यादीत पुरुष आहे! म्हणजे जसमेर सिंग शाळेतला दुसरा.

घरी लेकीने, लीनाने, कागद वाचला आणि ओरडली, "पापा, आपका प्रमोशन हो गया!" ह्यांचा चेहरा बघण्यासारखा. सहा वर्षं ह्यांची फाईल हलत नाही. "मी त्याच खुर्चीत," म्हणाले, "आणि माझं नाव माझ्या आधी हेडमास्तर!" जेवताना मला 'नरेशराव, भाजी वाढू?' चाललं होतं.

२५ मार्च

चूक दुरुस्त करायला ऑफिसात गेले. तिथला बत्रा म्हणून क्लार्क, गोड माणूस. त्याने फाईल बघितली, मला बघितलं, दार लोटलं.

"करून देतो दुरुस्त. पण मग हुकूम रद्द होणार." साहेबांनी मुद्दाम शेरा मारलाय म्हणे — इथे सगळ्या लेडीज, वर पुरुषच द्यावा. यादीतला पहिला पुरुष मी. मी बाई निघाले, तर दुसरा जसमेर सिंग.

"लिखा रहने दो जी," तो म्हणाला. "खुर्चीत कोण बसलंय ते बघायला कोण येतंय?"

मी इथे नऊ वर्षं शिकवते आहे. ते त्या फाईलमध्ये कुठेच नव्हतं. नुसता 'श्री' होता.

२६ मार्च

ह्यांना सगळं सांगितलं. आज थट्टा केली नाही. म्हणाले, "दुरुस्तीचा अर्ज दे, वसू. खुर्ची जाईल, जाऊ दे. तू तू म्हणून बस, नाहीतर बसू नकोस."

खरं आहे. त्यांचं म्हणणं खरं आहे. अर्ज लिहिला. अक्षर छान आलं.

२९ मार्च

अर्ज पर्समध्ये. काल नेला, परत आणला. आज नेला, परत आणला. जसमेर सिंगला विचारलं, तुम्ही हेड झालात तर पहिलं काय कराल? विचार करून म्हणाला, "गेट को पेंट, जी."

३१ मार्च

चार्ज घेतला. 'श्री'च्या पुढे सही केली. शंभर बाकांच्या मागणीवरही केली, त्याच नावाने. घरी येताना अर्ज फाडला. ह्यांनी दारातच विचारलं, "दिलास ना?"

म्हटलं, दिला.