तडस कुणाच्या गोतातलं

माय, तू म्हणाली होतीस ते खरं निघालं. आठ दिवस झाले, जिवाला चैन नाही. बसलो की उठावं वाटतं, उठलो की कुठं जावं सुचत नाही. सून विचारते, "मामा, काय हुडकायलात?" तिला काय सांगू?

नामांतराच्या त्या वर्षांत आपली बोरीची शाळा कधी चालू, कधी बंद असायची. अशाच बंदच्या दिवसांत गुरुजींनी मला शाळेची एक भिंत दिली. म्हणाले, "तुझ्या त्या पुस्तकातली मांजरं काढ बरं इथं." मी सातवीतून शाळा सोडलेला, परभणीच्या बाजारातून रद्दीतलं फाटकं पुस्तक आणून पाठ केलेला माणूस. मला आभाळ ठेंगणं झालं. गेरू, चुना, काजळी घेऊन मार्जारकुळाचं झाड काढायला बसलो. एका फांदीवर वाघ, सिंह, बिबट्या, हे डरकाळी फोडणारे. चित्ता दुसऱ्या फांदीवर, कारण त्याला डरकाळी येत नाही, तो घरच्या मांजरासारखी घुरघुर करतो. वाघ आणि सिंह दिसायला एवढे निराळे, पण कातडी काढली तर जाणत्यालाही चटकन ओळखू येत नाहीत, हे खाली मोठ्या अक्षरात लिहिलं.

दुसऱ्या दिवशी तू शेळ्या घेऊन तिकडून चाललीस. शेळ्या फाटकाशी थांबवतेस, कपाळावर हात धरून भिंत बघतेस. गुरुजी उभे आहेत, गावातली चार माणसं आहेत. तू विचारतेस, "समदे हाईत, मग तडस कुठं हाय रं?" तरसाला तू तडसच म्हणायचीस.

"ते कुत्र्याच्या जातीचं, माय."

"कुत्र्याचं कसं? येलदरीच्या वरल्या अंगाला कपारीपाशी बघितलंय मी. बूड टेकून बसतंय, एक तंगडी आभाळाकडं करतंय अन् मांजरावानी अंग चाटतंय. कुत्रं असं करतंय व्हय?"

"मावशे, करून दाव की!" एकजण म्हणाला. सगळे हसले. मीही हसलो, आणि तेवढ्यावर भागलं नाही म्हणून वर म्हणालो, "तुला काय कळतंय त्यातलं? शेळ्या बघ जा." तू गेलीस. संध्याकाळी भाकरी रोजच्यासारखीच वाढलीस. पण रानातून आल्यावर काय काय बघितलं ते सांगायचीस ना, ते सोडून दिलंस. जिवंत होतीस तोवर पुन्हा एक शब्द सांगितला नाहीस, आणि मी विचारलंही नाही.

आता हे नवं पुस्तक हाती आलं. त्यात सरळ लिहिलंय: तरसाचं घर वेगळं, तोंडवळा कुत्र्याचा, पण गोत मांजराकडचं. चाटायची तऱ्हासुद्धा दिली आहे, तंगडी वर करून. मी पुस्तक मिटलं, पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. तू अजून काय काय बघितलं असशील, माय, जे कुणाला सांगितलंच नाहीस?

हे लिहून कुठं धाडणार, ते मलाही कळतंय. पण कालचं सांगितल्याशिवाय गत्यंतर नाही. नातीच्या शाळेत मला प्राण्यांवर बोलायला बोलावलं होतं. तिथं तरसाचं सगळं सांगितलं, तुझ्याच शब्दांत. पोरं पोट धरून हसली. नातीनं हात वर केला, "आबा, हे तुम्हाला कुणी सांगितलं?" तोंडाशी आलं होतं गं. समोर मास्तर मंडळी बसलेली. मी म्हणालो, "पुस्तकात आहे, बाळा."