अजून थोडं मागे

नाशिक,
१५ डिसेंबर २०२४

सौ. श्यामलाताईंना बाळाजीचा नमस्कार.

वणीला थंडी वाढली असेल. सुनीलरावांचा गुडघा कसा आहे? कॉलेजचा वार्षिकांक छापून झाला. मुखपृष्ठाची प्रत सोबत ठेवली आहे.

श्रावणातल्या त्या सकाळी मी देवपूजा आटोपून सातला घाटावर पोचलो. तुमची स्वरदा कॉलेजचा कॅमेरा घेऊन आधीच आली होती. मुखपृष्ठाच्या फोटोचं काम तिच्याकडे होतं. पायरीवर बसून, कॅमेरा जमिनीला टेकवून तिने देऊळ टिपलं.

“बघा सर, खालून घेतलं की कळस आभाळाला लागतो.”

“चांगलंय. पण मुखपृष्ठावर अख्खं देऊळ हवं.”

“तुम्हाला सगळं पासपोर्ट फोटोसारखंच लागतं, सर.”

आमच्या खेड्यातल्या शाळेत वर्षातून एकदा फोटो निघायचा. सगळं पूर्ण दिसलं पाहिजे, एवढंच मला कळायचं.

इथवर मी तुम्हाला तेराव्याच्या दिवशी सांगितलं होतं. पुढे मी दर्शनाला आत गेलो, असं म्हणालो. पोलिसांनाही तेच सांगितलं.

ताई, मी आत गेलो नव्हतो.

मी वरच्या पायरीवरून हाताने खुणावत होतो, “अजून थोडं मागे.” तिचा डोळा कॅमेऱ्याला लागलेला. ती म्हणाली, “आणखी मागे गेले तर थेट वणीत पोचेन.” मी म्हणालो, “थोडंच.” तिच्या पाठीमागच्या शेवाळलेल्या पायऱ्या, धरणातून सोडलेलं पाणी, सगळं माझ्या समोर होतं. माझं लक्ष मात्र कळस फोटोत मावतो का, याकडे होतं.

लोक म्हणाले, सेल्फीच्या नादात पाण्यात गेली. तुमच्या जाऊबाई तुमच्यादेखत बोलल्या, “पोरींच्या हातात फोन दिला की असंच.” तुम्ही मान खाली घातलीत. तिचा फोन पिशवीत होता आणि पिशवी माझ्या खांद्याला. मी गप्प बसलो.

बंद पडलेला कॅमेरा पोलिसांनी कॉलेजला परत दिला. तो माझ्याच कपाटात आला. आतलं कार्ड शाबूत होतं. शेवटच्या फोटोत अर्धं देऊळ आहे आणि कोपऱ्यात मी, हात वर केलेला.

देवळाच्या रांगेत कुणी “जरा मागे व्हा” म्हटलं, की मी रांग सोडून घरी येतो. ज्या देवाच्या नावाआड लपलो, त्याच्यासमोर उभं राहवत नाही.

मुखपृष्ठावर तिचा तो खालून घेतलेला फोटो आहे, खाली तिचं नाव. सेल्फीचं कुणी बोललं, तर हे पत्र त्यांच्या हातात द्या.

काल मी ते कार्ड पोलीस ठाण्यात दिलं आणि खरा जबाब लिहून सही केली.

तिला मागे व्हायला सांगणारा,
बाळाजी