डावी तुझ्याकडे

रत्नागिरी, मंगळवार

प्रिय भावेश,

“तुझ्या हातचं पाणीसुद्धा पिणार नाही मी,” असं तू मला म्हणाला होतास. दहा वर्षांचा असशील. शाळा बुडवून तू मासे धरायला मचव्यावर गेलास हे मी बाबांना सांगितलं होतं, आणि पुढचे तीन दिवस तू शेजारच्या रझियाचाचीकडे जाऊन पाणी पीत होतास. पडल्या पडल्या हल्ली असलंच काहीबाही आठवतं. औषधाची गुंगी अजून पुरती उतरलेली नाही. खिडकीतला माड कधी माड असतो, कधी डोलकाठी.

मुतखडा काल पडला. तांदळाच्या कणीएवढा. रक्ताचे रिपोर्टही चांगले आहेत, तेव्हा घाबरू नकोस. त्या सकाळी मात्र उजव्या कुशीतून अशी कळ निघाली की बसवेना, निजवेना. यांनी रिक्षाने दवाखान्यात नेलं. निशिगंधा नावाची नर्स नेहमीचं दुखण्याचं इंजेक्शन भरून उभी होती. थोड्या वेळात बरं वाटेल, म्हणाली. डॉक्टरांनी विचारलं, आधी काही ऑपरेशन? हे बाहेर कागद भरत होते. मी नुसती नकारार्थी मान हलवली. तुला चारचौघांत तो विषय नको असतो, म्हणून नऊ वर्षं मीही तो कुणाकडे काढत नाही. आता तशी सवयच लागली आहे. सुई टेकणार, तेवढ्यात तोंडातून निघालं, “मला एकच किडनी आहे. डावी भावाकडे आहे.”

डॉक्टरांनी नर्सला थांबवलं. ते औषध किडनीवर ताण आणतं, एकच असताना ती जोखीम नको, म्हणाले. मग सलाइनमधून साधं पॅरासिटामॉल दिलं. त्याने भागेना, तेव्हा बेताने दुसरं, गुंगी आणणारं. बरं वाटायला दुपार झाली.

आणि मग काय सांगू, खाट पाण्यावर आली. पूर्णगडची खाडी, ओहोटीचं संथ पाणी, तू वल्ही मारतोयस आणि माझ्यावर खेकसतोयस, “नीट बस गो ताय, होडी कलंडवशील. अक्कल म्हणून नाही तुला.” मी हसत होते. किती वर्षांनी तू मला असं बोललास. जाग आली तर तू पायाशी उभा, डोळे सुजलेले. माझ्या पायांवर डोकं ठेवून म्हणालास, “माझ्यामुळं तुला साधं इंजेक्शनपण घेता आलं नाही.” मी रडले. नर्सला वाटलं, पुन्हा कळ आली.

कळ नव्हती ती. नऊ वर्षांत तू मला एकदाही नाही म्हटलेलं नाहीस. दर्यावर जाणं सोड म्हटलं, सोडलंस. बर्फाच्या कारखान्यात नोकरी धर म्हटलं, धरलीस. तिथे तू सुकत चाललायस हे मला दिसतं, आणि तू अवाक्षर काढत नाहीस. अरे, किडनी दिली ती मला देव्हाऱ्यात बसायचं होतं म्हणून नव्हे. भांडायला भाऊ हवा होता म्हणून. रविवारी जेवायला ये. पाया पडू नकोस. त्या नोकरीवरून मला वाटेल ते बोल, सारात मीठ जास्त झालं म्हण, अर्ध्या ताटावरून उठून जा. यातलं तू काहीही करणार नाहीस, ठाऊक आहे मला. तरी मागते.

तुझीच,
गुणवंतीताई